टॉवेलाखालचं मत

भगीरथ गुरांचा दलाल होता, आणि वीस वर्षांत त्याने कुणालाही कुठला आकडा तोंडाने सांगितलेला नव्हता. धंदाच तसा. म्हसा गावच्या जत्रेत बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे दलाल उभा राहतो, हातावर टॉवेल टाकतो आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवतो. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. पुढे शून्यं किती लावायची ते बैलाकडे बघून ज्याचं त्याला कळतं. भोवती पन्नास माणसं माना लांब करून उभी असतात आणि त्यांना दिसतो तो फक्त एक टॉवेल, आत उंदीर शिरल्यासारखा हलणारा.

ही सवय त्याने घरीही आणली. भाकऱ्या किती वाढू असं बायकोने, रुपाने, विचारलं की तो खांद्यावरचा टॉवेल तिच्या हातावर टाकायचा. पहिल्या वर्षी रुपाला ते प्रेम वाटलं. दुसऱ्या वर्षी तिने सांगितलं की भूक लागली असेल तर तोंडानं बोलायचं, मी काय बैल विकायला बसले नाय. तेव्हापासून तो ताटात पडेल तेवढं गुमान खाऊ लागला, पण आकडा बोलला नाही. आकड्याचंच काय, मताचंही तेच. निवडणुकीत तो सगळ्या बाजूंची जेवणं जेवायचा, मत देऊन यायचा, आणि कुणाला दिलं ते रुपाला कधी कळलं नाही. त्याला तरी माहीत असतं का, असा तिला संशय होता. दलालाला स्वतःचं मत परवडत नाही, कारण माल त्याचा नसतो. तो एकच नियम पाळायचा: पयला बोलंल तो बुडंल.

तर अशा माणसाला सरकारने मत विचारलं.

विचारायचं कारण काजल. काजल म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, आठ वर्षांची. ती झाली तेव्हा शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं की हिच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत एक गुणसूत्र जास्त आहे, याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. भगीरथने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, जास्त हाय तं मग डाऊन कसं. डॉक्टर म्हणाले, ते नाव आहे. भगीरथने बाहेर येऊन रुपाला सांगितलं की इथं भाव नीट लागला नाय, आपण घरी जाऊ.

काजल हळू चालायला लागली, हळू बोलायला लागली. स्पष्ट शब्द मोजके होते: आये, बैल, चल आणि नाय. एवढ्यात तिचं बरंचसं भागत असे. उरलेलं काम ती हातांनी करायची. समोर येईल त्याचा हात धरायचा आणि हलवायचा, हा तिचा शिरस्ता. धसईच्या बाजारात रुपा भाजी घेऊन बसली की काजल बाजारभर सगळ्यांशी हात मिळवून यायची. त्यात एसटीचा कंडक्टर आला, पोलीस पाटील आला, आणि एकदा एक बोकडही आला, त्याने खूर आनंदाने दिला होता.

चार वर्षांची झाल्यापासून भगीरथ तिला म्हशाला घेऊन जायचा. गर्दीत हात सुटू नये म्हणून तो तिचा हात टॉवेलाखालीच धरून ठेवी. एका हाताने गिऱ्हाइकाची बोटं दाबायची, दुसऱ्या हातात पोरीचा हात, असं चालायचं. मग गंमत म्हणून उजव्या हातात आलेला आकडा तो डाव्या हाताने तिला द्यायला लागला. पहिल्या दोन जत्रा ती पाचपर्यंतच पोचली. तिसऱ्या जत्रेत दहा. भूक लागली की तिला सगळंच पाच वाटायचं, पण पेरू खाल्ला की पुन्हा हिशोब नीट. चौथ्या जत्रेपासून तिच्या फ्रॉकला दोन खिसे शिवून घेतले. सौदा जुळला की ती एक चिंचोका डाव्या खिशात टाकी, फिसकटला की उजव्या. दिवस सरला की खिसे उलटे करायचे. दोन्हीत बसणार नाही असं काही त्याने दाबलं, म्हणजे 'उद्या बघू' वगैरे, तर ती चिंचोका त्याच्याच हातावर परत ठेवायची. असल्या भानगडी तिला चालत नसत. बाकीचे दलाल मोबाईलमध्ये टिपून ठेवत आणि बॅटरी संपली की एकमेकांच्या अंगावर जात. भगीरथच्या वहीला पेरू पुरायचा.

शाळेत मात्र ही वही कोरी निघाली.

गावची शाळा म्हणजे एक लांब खोली, पहिली ते चौथी, आणि मुकेश सर. सर सापगावहून मोटारसायकलवर यायचे, त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष टाइमावर. माणूस वाईट नव्हता. काजलचं नाव त्यांनी आनंदाने घातलं, पट वाढला. मग तिची चाचणी घेतली. तीन बोटं वर करून विचारलं, किती. काजल उठली, जवळ गेली आणि सरांची तीन बोटं मुठीत धरून दाबली. सर म्हणाले, तोंडाने सांग. तिने पुन्हा दाबली. सरांनी नोंदवहीत लिहिलं, 'अंकज्ञान: नाही. वर्तन: हात धरते.' चार इयत्ता, एक मास्तर, त्यात आपलं असल्या मुलांचं ट्रेनिंग झालेलं नाही, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले, आणि काजलला शेजारच्या खोलीत गोजाबाईकडे बसवू लागले. गोजाबाई पोषण आहाराची खिचडी शिजवायची. अशी दोन वर्षं गेली. नाव वर्गात, पोरगी चुलीशी. गोजाबाईची काही तक्रार नव्हती. ती रोज बोटं दाबून पोरांचा आकडा सांगायची आणि काजल तेवढ्या ताटल्या मांडायची. हजेरीपटावर कधी दोन पोरं जास्त असत, ताटल्या मात्र बरोबर निघत.

मार्गशीर्षात एका शनिवारी शहापूरहून मेघा मॅडम आल्या. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुके त्यांच्याकडे होते आणि एकच स्कूटी. अशा मुलांच्या शिक्षणाबद्दल पालकांचा दृष्टिकोन गोळा करायचं काम त्यांना मिळालं होतं. दृष्टिकोन सोमवारपर्यंत जमा करायचा होता. त्यांच्या फॉर्मवर दोन चौकोन होते: गावची शाळा, किंवा शहरातली विशेष निवासी शाळा. त्या निवासी शाळेत एक जागा रिकामी होती. शाळा चांगली होती, असं मॅडम म्हणाल्या. तिथले शिक्षक शिकलेले, बोलायला शिकवणाऱ्या बाई वेगळ्या, पोहायचा तलावसुद्धा. पोरगी सुटीत घरी येईल.

रुपाने ऐकल्या ऐकल्या सांगितलं, गावची शाळा. खूण करा आणि चहा घ्या.

मॅडमनी भगीरथकडे पाहिलं. भगीरथ म्हणाला, "तुमी बोला पयले."

"माझं मत नसतं हो. मी फक्त गोळा करते."

"माजा बी धंदा तोच हाय," भगीरथ म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत बसले. दोघांनाही धंद्याची माणसं भेटली होती. चहा आला, संपला, तरी चौकोन रिकामेच. शेवटी मॅडमनी विचारलं की निदान वर्गातल्या बाकीच्या पालकांचं मत तरी घेऊ या का, तोही एक रकाना आहे. भगीरथला हे पटलं. चारचौघांचा भाव कळल्याशिवाय आपला कोण सांगतो.

खरं म्हणजे भगीरथचा भाव ठरलेला होता. तो फॉर्मवरच नव्हता. त्याला निवासी शाळा नको होती आणि गावची शाळाही नको होती. महिन्याभरावर जत्रा आली होती आणि टॉवेलाखाली काजलचा हात नसेल तर आपल्याला डावं-उजवं कळायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. चुलीशी बसवलेली पोर जत्रेला नेता येते. वर्गात बसवली की तिची हजेरी लागते, आणि शहरात पाठवली की तिचा हातच राहत नाही. असं चारचौघांत बोलता येत नाही, हेही त्याला कळत होतं. म्हणून तर तो वीस वर्षं टॉवेल बाळगून होता.

दहा वाजता शाळेत सभा भरली. चौदा घरांची चौदा माणसं आली, भगीरथ आणि रुपा सोडून. व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष सोमा पुढे बसला. मॅडमनी आधी कायदा सांगितला. कायद्याप्रमाणे काजलला या शाळेत, या वर्गात बसायचा हक्क आहे आणि त्यासाठी कुणाच्याही परवानगीची गरज नाही.

"मंग इचारता कशाला?" सोमाने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, गरज नसली तरी विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही असं वरून आलंय. लोकांनी माना हलवल्या. वरून आलेलं गावाला नेहमीच कळतं.

मग एकेकाने मत मांडलं. सोमा म्हणाला की काजल आमचीच पोर हाय, देवाचं लेकरू, पण. मंगळी म्हणाली की किती गोड पोर गो, माज्या पोराचा हात सोडत नाय, पण. तिसऱ्याने तर डोळे पुसले आणि मग तोही 'पण' म्हणाला. पुढचं कुणी बोललं नाही. मॅडमच्या कागदावर बारा मिनिटांत नुसती माया लिहिली गेली आणि मत एकही नाही.

भगीरथ मागे भिंतीला टेकून बघत होता. बाजारात जन्म काढलेला माणूस. बैलाच्या पाठीवरून हात फिरवून जो 'काय जनावर हाय' म्हणतो, तो बैल कधी घेत नाही. घेणारा खोड काढतो. इथे कुणी खोडही काढत नव्हतं आणि दाव्यालाही हात लावत नव्हतं. असा बाजार संध्याकाळपर्यंत चालतो आणि जनावर होतं तिथेच उभं राहतं.

तो पुढे आला आणि त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला.

टॉवेलाखाली घेऊ, तो म्हणाला. काजलला वर्गात बसवायची असली तर एक बोट दाबा. शहरात पाठवायची असली तर दोन. कोणी काय दाबलं ते टॉवेलाला ठाऊक, बाकी कोणाला नाय.

मॅडमनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. टॉवेलाला मनाई असल्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं. मुकेश सरांनी घड्याळ बघून म्हटलं, चालेल, फास्ट होईल.

भगीरथने हाक मारली तशी काजल गोजाबाईच्या डब्यातले मूठभर चिंचोके घेऊन आली आणि सवयीने टॉवेलाखाली त्याचा डावा हात धरून उभी राहिली. एक म्हणजे डावा खिसा, दोन म्हणजे उजवा, एवढं त्याने तिला दाबून सांगितलं. मग बापलेक वर्गभर फिरले. लोकांना वाटलं, पोरगी बापाला चिकटलीय आणि मधेमधे खिशातलं काहीतरी खातेय.

भगीरथने आयुष्यात खूप हात दाबले होते, पण असे घामेजलेले हात त्याला जत्रेतही भेटले नव्हते. कोणी एक बोट असं चटकन दाबून सोडलं की जणू चटका बसला. कोणी दोन दाबली आणि मग जरा वेळ तसाच हात धरून ठेवला, माफी मागावी तसा. सोमाने आधी दोन धरली, मग एक सोडलं, मग पुन्हा दोन. त्याचं थोरलं पोर चौथीत जाऊनही वाचत नव्हतं. मास्तर एक आणि त्यात आणखी एक हळू शिकणारं पोर आलं तर आपल्याकडे कोण बघणार, ही त्याची भीती त्याच्या बोटांत होती. भगीरथला ती कळली. त्याला राग आला नाही. राग येणं धंद्यात बसत नाही.

फिरून झाल्यावर मॅडमनी पेन काढलं. "सांगा."

"टॉवेलाखालचं भायेर नाय सांगायचं," भगीरथ म्हणाला.

मॅडमना वाटलं तो गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. दलालाने आतला आकडा बाहेर फोडला तर पुन्हा त्याच्या टॉवेलाखाली कोणी हात घालत नाही, हे त्याने शांतपणे समजावून सांगितलं. सभेने या तत्त्वाला एकमुखाने पाठिंबा दिला. सकाळपासून एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

मग मी लिहू काय, मॅडमनी विचारलं.

तुमाला सांगतो की, हात द्या, असं म्हणून त्याने टॉवेल त्यांच्या हातावर टाकला आणि चौदा घरांची मतं एकामागून एक दाबायला लागला. चौथ्या घराला मॅडमचा घोळ झाला. सहाव्याला त्यांना गुदगुल्या झाल्या. आठव्याला त्यांनी हात काढून घेतला आणि विचारलं की पाटीवर लिहून दिलं तर चालेल का. लिहिणं म्हणजे सांगणंच, भगीरथ म्हणाला. सोमा म्हणाला, बरोबर हाय. सगळ्यांचं मत गोळा झालेलं होतं आणि ते कुणालाच कळणार नव्हतं. काही पालक समाधानाने उठू लागले.

तेवढ्यात दारातून गोजाबाई बोलली. हातात झारा, खिचडी शिजत टाकलेली. "अगो, पोरीला इचारा. तिच्यापाशी हाय ना सगळा हिशोब."

"तिला अंकज्ञान नाही," मुकेश सर म्हणाले. त्यांनी नोंदवही उघडून मॅडमना दाखवलीसुद्धा.

"असंल," गोजाबाई म्हणाली. "मंग दोन वरसं तुमच्या ताटल्या कोन मांडतंय, मी की तुमची वही?"

भगीरथने क्षणभर विचार केला. आकडा फोडायला बंदी होती. खिसा उलटा करायला बंदी नव्हती. त्याने काजलकडे बघून मान हलवली, दिवस सरल्यावर जत्रेत हलवायचा तशी.

काजल मॅडमच्या टेबलाशी गेली. डावा खिसा उलटा केला, उजवा खिसा उलटा केला, आणि दोन ढीग करून बाजूला झाली. मॅडमनी मोजले. डाव्या ढिगात सहा, उजव्या ढिगात नऊ.

वर्गात कोणी कोणाकडे बघेना. नऊ जणांना वाटलं की आपण एकटेच होतो, आणि सहा जणांनाही तसंच वाटलं.

मॅडमनी पुन्हा मोजलं. "हे तर पंधरा झाले. घरं चौदा आहेत."

"बघा," मुकेश सर म्हणाले. जरा घाईनेच म्हणाले.

मॅडमचा चेहरा पडला. काही पालकांचा उजळला, कारण पोरीला मोजता येत नसेल तर नऊही खरे नाहीत. सोमाने तसं बोलूनही दाखवलं. रुपा भिंतीशी उभी होती, ती भगीरथकडे बघू लागली. भगीरथ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता. अंगठ्यावर पांढरी भुकटी होती. फळ्याजवळून जाताना टॉवेलाखाली एक हात आला होता, कोरडा, खडूचा. चौदा हात झाल्यावर पंधरावा. सगळे घालतायत म्हणून त्यानेही घातला असावा. भगीरथने तो गुमान दाबून घेतला होता आणि काजलला दिला होता, कारण टॉवेलाखाली आलेला हात मोजायचा असतो, तो कुणाचा ते विचारायचं नसतं.

आता ते सांगितलं की पोरगी खरी ठरणार होती आणि दलाल खोटा. भगीरथने अंगठा टॉवेलात गुंडाळला.

काजलला यातलं काही माहीत नव्हतं. कामाचे चिंचोके देऊन झाले होते, आता तिला हात मिळवायचे होते. सगळ्यांत जवळ मुकेश सर होते. तिने त्यांचा उजवा हात धरला आणि हलवला. सरांनी सोडवून घ्यायला बघितलं. ती कुणाचा हात अशी लगेच सोडत नसे. तिच्या तळहातावर खडू लागला, तिने तो फ्रॉकला पुसला आणि पुन्हा हात धरला. निळ्या फ्रॉकवर पांढरी बोटं उमटली. ती सगळ्या वर्गाला दिसली.

सरांनी हातावरची भुकटी झटकून बघितली.

"पंधरावं माझं," ते म्हणाले.

"कंच्या ढिगातला?" गोजाबाईने विचारलं.

सर म्हणाले, टाइम होत आलाय. मग त्यांनी नोंदवही ओढली, 'अंकज्ञान: नाही' यातल्या 'नाही'वर एक रेघ मारली, पुढे काय लिहायचं ते न सुचून थोडं थांबले, आणि 'आहे. तपासून पाहिले' असं लिहिलं. 'हात धरते' हे त्यांनी राहू दिलं.

सोमाने कानामागे खाजवलं. म्हणजे पोरीचं बरोबर, तो म्हणाला, आणि मग नऊ बी खरे. हे बोलल्यावर त्याला ते बोलायला नको होतं असं वाटलं.

मॅडमनी सहा आणि नऊ लिहून घेतले आणि सांगितलं की हा रकाना फक्त माहितीसाठी आहे. याने काहीही ठरत नाही. लोकांना थोडा अपमान वाटला, बरंच सुटल्यासारखं वाटलं. ठरतं ते फक्त आईबापाच्या मताने, मॅडम म्हणाल्या. आईचं झालंय.

"माजं पुन्यांदा ल्हिवा," रुपा म्हणाली. "तिथं पोहायला शिकवतील, बोलायला शिकवतील, समदं खरं. पण हिथं ही रस्त्यानं गेली तं धा जणं हाक मारतात. तिथं हिला हिच्या नावानं कोन हाक मारंल, हिचा हात कोन धरंल? आनि हिथं ऱ्हायली तं चुलीशी नाय. बाकावर. नायतर मी बी बाजार सोडून हिथं येऊन बसन."

गोजाबाईने झारा हलवून अनुमोदन दिलं.

सगळ्यांच्या माना भगीरथकडे वळल्या. त्याने टॉवेल पुन्हा उघडला आणि मॅडमपुढे हात केला. मॅडमनी हात मागे घेतला. फॉर्मवर टॉवेल लावता येत नाही, त्या म्हणाल्या, तोंडाने सांगा.

"तुमी बोला पयले," भगीरथ पुटपुटला. एवढा मोठा बाजार आणि गिऱ्हाईक एकही नाही, असं त्याच्यावर कधी आलं नव्हतं. पयला बोलंल तो बुडंल, हे तो लहानपणापासून मानत आला होता. एकटाच बोलणारा असेल तर काय होतं, याचा नियम कुणी करून ठेवला नव्हता. दलालाचा माल नसतो म्हणून तो आजवर दुसऱ्याचे भाव इकडून तिकडे नेत राहिला. हा माल त्याचा होता.

टॉवेल तसाच पसरलेला होता. त्याखाली एक लहान, रुंद, कोमट हात आला. काजल. टॉवेल उघडला म्हणजे आकडा येणार, एवढं तिला ठाऊक होतं. ती दुसऱ्या हातात एक चिंचोका धरून त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

टॉवेलाखाली खोटं दाबायची त्याला सवय नव्हती. त्याने खरं होतं ते दाबलं. तीन. म्हणजे हेही नाही आणि तेही नाही, तू माझ्याबरोबर म्हशाला चल.

काजलने डाव्या खिशाकडे बघितलं. उजव्या खिशाकडे बघितलं. तिसरा खिसा आहे का ते पाठीमागे हात घालून चाचपलं. नव्हता. तिने चिंचोका तोंडात घातला, थोडा विचार केला, बाहेर काढला आणि त्याच्याच हातावर परत ठेवला.

"नाय," ती म्हणाली.

भगीरथ त्या ओल्या चिंचोक्याकडे बघत राहिला. वीस वर्षांत त्याने हजारो सौदे बघितले होते. फिरलेला सौदा कळायला त्याला वेळ लागत नसे.

त्याने टॉवेल काढून खांद्यावर टाकला. आता दोन्ही हात उघडे होते आणि काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. त्याने घसा खाकरला.

"एक," तो म्हणाला.

आवाज त्याला स्वतःला ओळखू आला नाही. रुपाने चमकून वर बघितलं, कारण भाकऱ्यांच्या काळापासून ती या आवाजाची वाट बघत होती. काजलने त्याच्या हातावरचा चिंचोका उचलला, फ्रॉकला पुसला आणि डाव्या खिशात टाकला. मॅडमनी चौकोनात खूण केली. सोमा म्हणाला, भाव फुटला, आणि त्याला कुणीतरी गप बस म्हणालं.

पण दलाल तो दलालच. खूण झाल्यावर सही करायच्या आधी त्याने मुकेश सरांना कोपऱ्यात घेतलं आणि त्यांच्या हातावर टॉवेल टाकला. पोर रोज वर्गात येईल, बाकावर बसेल, हे कबूल. पण पुसात म्हशाची जत्रा असते. किती दिवस सोडता? टॉवेल बराच वेळ हलत होता. सरांनी दोनदा हात काढून घेतला आणि दोनदा परत घातला. सरांना यात गोडी लागतेय असं लांबून वाटत होतं. शेवटी किती दिवस ठरले ते गावाला कळलं नाही, फक्त दोघंही आपण जिंकलो अशा तोंडाने बाहेर आले. गोजाबाईनेही जाता जाता आपला सौदा करून घेतला: पोरगी बाकावर बसो की खुर्चीवर, ताटल्या तीच मांडणार.

सोमवारी काजल दुसऱ्या बाकावर बसली. सोमाच्या धाकट्या पोराशेजारी. शिकायला हळू होती, पहिल्या महिन्यात तीन अक्षरं आली आणि त्यातलं एक गेलं. पण आठवड्याभरात वर्गातली सगळी पोरं फळा पुसायच्या फडक्याखाली एकमेकांची बोटं दाबून पाढे म्हणू लागली, आणि सोमाचा थोरला, ज्याला चौथीत जाऊन काही येत नव्हतं, त्याला सातापर्यंत आलं. सरांनी हे कोणत्या पद्धतीत बसतं ते शोधलं. बसेना. मग त्यांनी आणखी एक फडकं विकत आणलं.

गावात एक बदल झाला. काजलशी हात मिळवताना लोक पूर्वी अख्खा हात द्यायचे. आता सगळे एकच बोट पुढे करू लागले, तेही जरा लवकर, ती समोर यायच्या आतच. कोणी काय दाबलं होतं ते हिला आठवतंय, असा गावाचा समज झाला. नऊच्या नऊ जण एक बोट घेऊन फिरत होते, आणि संशय नको म्हणून बाकीचे सहाही. काजल ते एक बोट धरायची, मग उरलेली चार स्वतःच उलगडून काढायची आणि पूर्ण हात हलवायची. तिला अर्धवट हात चालत नसे.

पुसात जत्रा भरली. म्हशाला त्या वर्षी भगीरथच्या टॉवेलाखाली नेहमीप्रमाणे तीन जणांचे हात होते. मेघा मॅडम पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी काजलची हजेरी बघितली. सगळी नीट होती. मधे सलग काही दिवस कोरे होते. ते किती, हे इथे सांगता येणार नाही, कारण ते टॉवेलाखाली ठरलेले आहेत. पुढे रजेच्या कारणाच्या रकान्यात मुकेश सरांच्या अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता: गणित.